हा पंखा कोणासाठी?

आमच्या कॉलेजात फिजिक्सचे एक सर होते. माणसाचा ताप त्यांना कळायचा की नाही ठाऊक नाही, पण भिंतीचा ताप लगेच कळायचा. वर्गात आले की हजेरी नाही, फळा पुसणं नाही; आधी जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवायचे आणि डोळे अर्धे मिटून उभे राहायचे. मग हात काढून म्हणायचे, "हिले ताप आहे. चाला, उचला." म्हणजे बाकं उचलायची आणि समोरच्या अंगाच्या, सावलीतल्या खोलीत न्यायची. तिथल्या भिंतीला हात लावून त्यांचं समाधान झालं की मगच शिकवायला सुरुवात. तीन वर्षांत आम्ही फिजिक्स किती शिकलो ते देव जाणे, पण बाकं उचलण्यात आमचा हात कोणी धरला नसता.

त्यांच्याजवळ बारा महिने एक काळी छत्री असायची. पावसात ती उघडलेली मी क्वचितच पाहिली, तिचं खरं काम वेगळंच होतं. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की सर खिडकीच्या गजांतून छत्री आत घालायचे आणि तिच्या टोकाने नेमकं बटन पाडायचे. त्याआधी एक प्रश्न ठरलेला. "हा पंखा कोणासाठी फिरून राह्यला?" खोलीत कोणी नसायचंच, त्यामुळे उत्तर यायचं नाही. मग पंख्यालाच, अगदी मायेने, "थकला असशील बापा. बस आता." पंखा पुरता थांबेपर्यंत ते खिडकीशी उभे राहायचे, जणू त्याला झोप लागल्याची खात्री करून घेत आहेत. पोरांनी त्यांचं नाव 'बटन सर' ठेवलं होतं. एकदा कोणीतरी स्टाफरूमच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं. दुसऱ्या तासाला पाहतो तो त्याखाली सरांच्या वळणदार अक्षरात ओळ होती, 'जाताना बंद करा.'

मोठ्या माणसांचाही ते मुलाहिजा ठेवत नसत. संस्थेचे अध्यक्ष आमच्या कॉलेजात आले की त्यांच्या खोलीचे पडदे ओढून, भर दुपारी सगळ्या ट्यूबलाइट लावून बसायचे. एकदा सर काही कामाने आत गेले, बोलता बोलता एकेक पडदा सारत गेले आणि शेवटी बटनं पाडून म्हणाले, "साहेब, सूर्य केव्हाचा बाहेर ताटकळून राह्यला." अध्यक्षांना राग आला. पण खोलीत इतका लख्ख उजेड पडला होता की रागवायला काही कारणच सापडेना. हे आम्हाला शिपायाने सांगितलं, आणि सांगताना त्याने सरांची नक्कल इतकी छान केली की आम्ही त्याच्याकडून ती दोनदा करवून घेतली.

सगळेच काही हसण्यावारी नेत नसत. आमच्या वर्गात एक तोंडाळ मुलगा होता. पंखा बंद करायला सरांची छत्री वर गेली तेव्हा तो मागून म्हणाला, "सर, करंट का तुमच्या बापाचा आहे?" सर वळले. रागावलेले मुळीच नव्हते.

"हाव," ते म्हणाले. "माह्या बापाचाच आहे."

मग टेबलाला टेकून त्यांनी सांगितलं. ते राजूरचे. वडील कोळशाच्या खदानीत होते. सकाळी खाली उतरायचे आणि वर यायचे तेव्हा घरातल्या लहान भावाला ते ओळखू यायचे नाहीत, तो रडायचा. "हे बटन तुम्ही दाबता न, त्याच्या दुसऱ्या टोकाले कोणीतरी खड्ड्यात उतरलेला आहे. तुमच्यासाठी उतरला असन तं काही म्हणणं नाही. खुशाल दाबा. पण खाली खुर्चीत कोणीच नाही, अन् तो उतरून राह्यला, हे मले पाहवत नाही." एवढं बोलून त्यांनी भिंतीला हात लावला आणि बाकं उचलायला सांगितली. त्या दिवशी तो तोंडाळ मुलगा सगळ्यांत पुढे होता.

आता हे सगळं आठवून मी हसते. तेव्हा मात्र या माणसाच्या विक्षिप्तपणावर माझं शिक्षण अडकून होतं, म्हणून ते जरा नीट सांगायला हवं.

माझा तांडा घाटंजीकडचा. घरी बा, याडी म्हणजे माझी आई, आणि मागे भावंडं. कोरडवाहू वावर, त्यात कापूस. त्या वर्षांत आमच्याकडे कापसाने सगळ्यांचं तोंड कडू केलं होतं. कापूस पिकला तरी जायचा कुठे हा प्रश्न, त्यामुळे घराघरात तो आढ्यापर्यंत भरलेला. माणसं ओसरीत झोपायची आणि कापूस घरात. अशा घरातली मुलगी तालुक्याच्या गावाबाहेर, उघड्या माळावरच्या होस्टेलात राहून बीएस्सी करते, हेच तांड्याला नवल होतं. हे नवल संपवायला निमित्त फार मोठं लागणार नव्हतं. एक स्थळही येऊन गेलं होतं. मी शेवटच्या वर्षाला होते आणि मला पक्कं ठाऊक होतं की परीक्षेआधी एकदा का घरी परत गेले, तर परत काही येणं होत नाही.

आणि दिवाळीनंतर कॉलेजची डीपी जळली. डीपी म्हणजे कंपाउंडच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइन जायची तशी यायची. ती आली की सगळा परिसर एकाच वेळी तिच्यावर तुटून पडायचा. पाण्याचा पंप, लॅबमधली भट्टी, ऑफिस, आणि आमच्या होस्टेलातले पाणी तापवायचे रॉड. बिचारी डीपी एका दणक्यात हे सगळं उचलायला जायची. आदल्या वर्षी जळली होती, यंदाही जळली. दुसरी मिळेपर्यंत होस्टेल अंधारात. संस्थेने सांगून टाकलं की यापुढे काही झालं तर मुलींचं होस्टेल बंद. अंधारात मुली ठेवायची जोखीम कोणी घ्यायची?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बा रिकामी थैली घेऊन गेटशी उभा. मी रडत कपडे भरत होते. माझी रूममेट सुनंदा, मुकुटबनची, तिने मला न सांगता खाली धावत जाऊन सरांना आणलं. होस्टेलशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण डीपीचं दुखणं त्यांनी स्वतःचं मानलं होतं.

"काहून नेता पोरीले?" सरांनी बाला विचारलं.

"लाइन नाही, सर. अंधारात कशी ठेवू? अन् घरी वेचणी सुरू आहे. मजूर भेटून नाही राह्यले."

"लाइन येईन."

"येईन, अन् पुन्हा जळन. मांगच्या सालीबी जळलती."

"आता नाही जळत. मी पाहतो न." सरांनी छत्री काखेत मारली. "होस्टेल बंद पडलं तं हिच्या जागी मी वेचाले येतो तुमच्या वावरात. मंग तं झालं?"

बाने त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं. पांढरा शर्ट, चष्मा, टक्कल.

"तुम्ही?"

"काहून? मले हात नाहीत?"

बाला हसू आलं. आमचा बा हसला की अर्धं काम झालेलं असतं. तो रिकामीच थैली घेऊन परत गेला.

नवी डीपी आली आणि सरांनी कॉलेजचा ताबाच घेतला म्हणा ना. प्राचार्यांना त्यांनी काय पटवलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मैदानात जमवून सर बोलले. फिजिक्सचा एक शब्द त्यात नव्हता. "तुमच्या गावात चार भावांची सामाईक विहीर आहे का नाही? मंग पाणी कसं घेता? सगळे भाऊ एकदम मोटर लावता का? लावली तं विहीर कोरडी अन् डोके फुटलेले. म्हणून दिवस वाटून घेता. करंटचंही तसंच करायचं." भावांच्या विहिरीवरून डोकी फुटलेली आमच्यातल्या प्रत्येकाने पाहिली होती. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दिवसापासून लाइन आली तरी कोणी बटनाला हात लावायचा नाही असा नियम झाला. कॉलेजची घंटा म्हणजे निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. सर स्वतः तिथे उभे राहायचे. एक टोला, की पंप. पंप बंद झाल्यावर दोन टोले, की होस्टेलची आंघोळ. मग लॅब, मग ऑफिस. अध्यक्षांची खोली सगळ्यांत शेवटी. घंटेआधी कोणी रॉड लावला तर दुसऱ्या मुलीच ओरडायच्या, "ए, विहीर कोरडी करतेस का?" ऊन परतावं म्हणून आम्ही मुलींनी स्लॅबवर चुना मारला, उजेड यावा म्हणून वर्षानुवर्षं काजळलेली तावदानं घासली. चुना मारताना सर शिडीवरून छत्रीने जागा दाखवायचे आणि 'तिथं राह्यलं, तिथं' करायचे. थंडी सरत आली तरी डीपी शाबूत होती. तिच्यावरून जाताना सर तिलाही थांबून हात लावतात की काय अशी आम्हाला भीती वाटायची. त्यांनी लावला नाही, पण कंपाउंडच्या जाळीला तळहात टेकून उभे असलेले मी त्यांना पाहिलं आहे.

आणि इथवर सगळं झक्क चाललेलं असताना सरांनी घोटाळा केला. तोही असा की तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यातच होऊ शकतो.

होस्टेलच्या वरच्या खोल्या टिनाच्या होत्या, मी आणि सुनंदा तिथेच. होळीनंतर तिथे कूलरशिवाय बसवत नसे, आणि ते कूलरच डीपीला जड जात. टिनाखाली लाकडी तक्तपोशी होती. टीन आणि तक्तपोशीच्या मधे काहीतरी भरलं तर ऊन खाली उतरणार नाही, कूलर लागणार नाहीत, अशी युक्ती सरांनी काढली. भरायचं काय? सरांनी एक टिचकी वाजवली. त्या साली डागी, पिवळट कापूस, आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात, कोणी दारात उभा करत नव्हतं. मुलींच्या घरून पोती आली. बानेही दोन पाठवली, 'घरातली जागा तरी मोकळी होईन' म्हणून. सरांनी आधी तिथल्या वायरी काढून भिंतीवरून पाइपातून नेल्या आणि मग सगळी तक्तपोशी कापसाने गच्च भरून घेतली. दुपारच्या उन्हातही खोली खरंच गार राहू लागली. सर खाटेवर चढून तक्तपोशीला हात लावून आले आणि इतके खूश झाले की आम्हाला त्यांनी भजी खाऊ घातली.

घरात भरून ठेवलेल्या कापसाने उन्हं तापली की खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात बारीक किडे होतात आणि घरभर माणसं अंग खाजवत बसतात. मला ठाऊक होतं, सुनंदाला ठाऊक होतं, रेक्टरबाईंच्या घरी तर दर साल तेच चालायचं. सरांनाही ठाऊक होतं. पण तो घरातला कापूस. हा तर तक्तपोशीवर होता, हा थोडाच कापूस, ही तर आता योजना होती. थंडीत भरला, थंडीत कोणाच्या मनातही आलं नाही.

फेब्रुवारी संपता संपता ऊन चढलं आणि पहिल्यांदा सुनंदाच्या मानेवर पुरळ उठलं. मग माझ्या दंडांवर. आठवड्याभरात सगळं होस्टेल खाजवत होतं. प्रार्थनेला उभं राहावं तर ओळीच्या ओळी हलताहेत. सरांना कळल्यावर ते धावत आले, तक्तपोशीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून मटकन पायरीवर बसले. "डोक्यातच नाही आलं," एवढंच म्हणत राहिले. त्यांना असं बसलेलं पाहून माझी खाज थांबली होती, मला आठवतं.

संस्थेला तेवढंच हवं होतं. होस्टेल बंद, मुली घरी, परीक्षा ज्याने त्याने आपापल्या गावाहून येऊन द्यावी. आमच्या तांड्याहून सकाळची एसटी नव्हती. पेपर सकाळचे. बा न्यायला आला तेव्हा या वेळी थैली लवकर भरली.

घरी शेवटची वेचणी चालू होती. कोणी मला वाईटसाईट बोललं नाही. याडीने दंडांना निंबाचा पाला चोळला. बा म्हणाला, "झालं तेवढं शिक्षण लय झालं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर मी जास्त घाबरले. राग असता तर तो उतरला असता. संध्याकाळी त्या स्थळाचा विषय पुन्हा निघाला आणि मी काही बोलले नाही, कारण बोलायला माझ्याजवळ आता कॉलेज नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी आम्ही वावरात होतो. पांदणीच्या वाटेने एक छत्री येताना दिसली. उघडलेली. माझ्या माहितीत उन्हासाठी ती पहिल्यांदाच उघडली गेली असावी. खाली सर, धुळीने गुडघ्यापर्यंत माखलेले. बांधावर येऊन त्यांनी छत्री मिटली, बाला नमस्कार केला आणि विचारलं, "कोणत्या ओळीपासून?"

बाला आधी समजेना. "काय कोणत्या ओळीपासून?"

"वेचाले आलो. होस्टेल बंद पडलं न."

"अवो सर, ती डीपी जळाची गोष्ट होती."

"गोष्ट होस्टेलची होती. डीपी नाही जळली, पण होस्टेल माह्याच्यानंच बंद पडलं." त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "हिले बसू द्या सावलीत. हिचा अभ्यास राह्यला."

आणि खरंच त्यांनी कंबरेला वेचणीची ओटी बांधून घेतली. राजूरच्या खदानीतल्या माणसाचा तो मुलगा, जन्मात त्याने कापूस वेचला नव्हता. छत्रीच्या मुठीने ते फांदी जवळ ओढायचे, बोंडात दोन बोटं घालायचे, आणि कापसाबरोबर वाळका पाला, काड्या, सगळंच ओटीत. बोटांना टोचलं की 'हां' म्हणायचे, जसं काही बोंडाने त्यांना एखादा मुद्दा पटवून दिला आहे. मी निंबाखाली पुस्तक उघडून बसले होते. एक अक्षर दिसत नव्हतं. डोळे पुसत होते आणि हसू दाबत होते, दोन्ही एकदमच.

दुपारी घरी याडीने भाकर वाढली. जेवण्याआधी सरांनी आमच्या घराच्या मातीच्या भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ. "हिले ताप नाही," ते याडीला म्हणाले. याडीला काय कळावं? ती घाबरून मलाच विचारायला लागली, सर बरे आहेत ना म्हणून.

जेवून सर पुन्हा ओटी बांधायला लागले, तेव्हा बाने त्यांनी वेचलेल्या ढिगातला कापूस हातात घेऊन पाहिला. त्यातून एक काडी काढली. मग दुसरी. मग काढायचं सोडून दिलं.

"सर, होस्टेल उघडलं का?"

"नाही. पण तक्तपोशी रिकामी केली, धुतली. पोरी खाली वाचनालयात राह्यतीन, रेक्टरबाईंसोबत. ती खोली मी पाह्यली, सगळ्यांत थंडी आहे. प्राचार्यांनी परवानगी देली. मुकुटबनची पोरगी कालच आली."

बाने कापूस खाली ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "घेऊन जा मंग हिले. तुमचा हा कापूस कोणी फुकटबी घेनार नाही. तुम्ही उद्या आले तं मी बुडालो, बापा."

त्याच संध्याकाळच्या गाडीने मी सरांबरोबर परत गेले. गाडीत त्यांनी वाटभर बोटांतले काटे काढले आणि मला प्रकाशाच्या परावर्तनावर प्रश्न विचारले. सुनंदाच्या घरीही ते असेच जाऊन आले होते असं मला नंतर कळलं. तिच्या आईने त्यांना भरपेट जेवू घालून मुलगी सोबत दिली होती. वेचायची पाळी मात्र त्यांच्यावर आमच्याकडेच आली.

मी आता विज्ञान शिकवते. माझा पगार, माझं घर, माझ्या मुलींना मी कोणत्या वयापर्यंत शिकू दिलं, या सगळ्याच्या मुळाशी त्या ओबडधोबड वेचलेल्या कापसाचा ढीग आहे, आणि हे मी सरांना त्यांच्या हयातीत एकदाच, तेही अर्धवट, सांगू शकले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या शाळेच्या खिडक्या कोणत्या दिशेले आहेत?"

शेवटचा पेपर फिजिक्सचा होता. पंखा माझ्या डोक्यावरच होता. डीपी टिकली होती म्हणूनच तो फिरत होता. नेमके सरच पर्यवेक्षक. छत्री काखेत मारून ते ओळींमधून फिरत होते, मधेच भिंतीला हात लावत होते. हॉलमधली बरीच बाकं रिकामी होती. घरी गेलेल्या सगळ्याच मुली काही परत आल्या नव्हत्या. रिकाम्या बाकांवरचे पंखे सर एकेक करून बंद करत आले. माझ्यापाशी आले तेव्हा सवयीने मान वर गेली आणि तोंडातून तोच प्रश्न आला, अगदी हळू. "हा पंखा कोणासाठी फिरून राह्यला?"

मी लिहिता लिहिता थांबले. सरांनी खाली पाहिलं. छत्री बटनाकडे गेली नाही. त्यांनी माझ्या बाकाला एकदा हात लावला, "हिच्यासाठी," असं पंख्याला सांगितलं, आणि भिंतीजवळ जाऊन त्याचा रेग्युलेटर शेवटपर्यंत फिरवला.